घटकाभराचा हक्क

मिकवे म्हणजे यहुदी धर्मस्नानाचं कुंड. दत्तक घेतलेलं तान्हं बाळ उराशी धरून आई नाहीतर बाप त्यात छातीभर पाण्यात उतरतो. देखरेखीला बेथ दीनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे, तीन पंच. बाळाच्या तोंडावर फुंकर मारली की ते क्षणभर श्वास रोखतं. तेवढ्यात त्याला बुडवून हात सैल सोडायचे, पाणी अंगाला सगळीकडून लागायला हवं. मुलगा असेल तर सुंता आधीच झालेली असते. बाळ भोकाड पसरत वर येतं, ते यहुदी होऊनच.

एवढा खटाटोप का? आपल्याकडे दत्तहोम झाला की गोत्र बदलतं. यहुदी धर्मशास्त्रात, हलाखात, ही सोय नाही. आई यहुदी तर मूल यहुदी; दत्तकाच्या कागदाने जन्माचं नातं पुसलं जात नाही. पोसणारा धर्माच्या दृष्टीने पालक, बाप नव्हे. तरीही पोसण्याचं मोल तालमूद, म्हणजे यहुदी धर्मचर्चेचा जुना ग्रंथ, जाणतो. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात राजकन्या मीखलच्या पाच मुलांचा उल्लेख येतो, आणि त्याच पुस्तकात ती निपुत्रिक असल्याचंही म्हटलंय. धर्मपंडितांनी तोड काढली: जन्म दिला बहीण मेरबने, वाढवलं मीखलने, म्हणून मुलं मीखलची. अनाथाला घरी वाढवणाऱ्याने जणू त्याला जन्मच दिला, असा त्यांचा निर्वाळा. सगळी गोम त्या ‘जणू’त आहे.

सरकारी दफ्तराला ‘जणू’ चालत नाही. जगभरच्या यहुद्यांना इस्रायलचं दार उघडणारा परतीचा कायदा 1950चा. पण यहुदी कोण, हे त्यात लिहिलंच नव्हतं. नौदलातले अधिकारी बेन्यामिन शालीत यांची बायको यहुदी नव्हती. मुलांची नोंद यहुदी म्हणून व्हावी, हा दावा त्यांनी 1970मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि त्याच वर्षी संसदेने व्याख्या कायद्यात घातली: यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. 1981च्या दत्तक कायद्याने आणखी एक अट ठेवली: दत्तक घेणारा मुलाच्याच धर्माचा हवा. परदेशातून मूल आणणाऱ्या यहुदी जोडप्याची वाट मग मिकवेवरूनच जाते.

पण कुणाचा मिकवे? कर्मठ ऑर्थोडॉक्स पंथाचे पंच बहुधा आधी घराची झडती घेतात: शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळता का, स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे धर्माच्या नियमांनुसार, आहे का, मूल धार्मिक शाळेत जाईल का? सुधारकी पंथांचे पंच त्या मानाने सैल. इस्रायलमध्येच झालेली त्यांची धर्मांतरं नागरिकत्वासाठी ग्राह्य धरायला मार्च 2021 उजाडावा लागला, तेही न्यायालयाच्या निकालाने. लग्न मात्र अजून ऑर्थोडॉक्स रब्बीनेटच्या, म्हणजे अधिकृत धर्मगुरूमंडळाच्या, हाती. सुधारकी मिकवेतून आलेलं मूल मोठेपणी सैन्यात जाईल, मत देईल, आणि त्याच देशात यहुदी म्हणून लग्नाला उभं राहू शकणार नाही. कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींना हा छळ नवा नाही. लग्नाच्या वेळी त्यांच्या पिढ्या तपासण्याचं फर्मान रब्बीनेटने काढलं होतं; मोर्चे निघाले, तेव्हा कुठे 1964मध्ये संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं सांगितलं.

या सगळ्या भांडणात मुलाला कोणी विचारत नाही. विचारतो तो जुना तालमूदच, आणि इथे तो आजच्या सरकारांपेक्षा उदार वाटतो. अजाण मुलाचं धर्मांतर पंच करतात ते माणसाच्या अपरोक्ष त्याचं भलं करता येतं, या तत्त्वावर. पण मुलगी बारा आणि मुलगा तेरा वर्षांचा झाला की ‘मला हे मान्य नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला असतो. जन्माने यहुदी असलेल्याला तो कधीच मिळत नाही. अर्थात, आपण दत्तक आहोत हेच ठाऊक नसेल तर हक्क कसला बजावणार? आणि मुदत तरी केवढी! सज्ञान झाल्यावर घटकाभर गप्प बसलं तरी हक्क गेला.

तेराव्या वर्षी सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, असा दत्तक मुलगाही तोरा हा धर्मग्रंथ वाचतो. वाचन संपलं की नातेवाईक त्याच्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि लहान पोरं ती वेचायला बाकांखाली शिरतात. पंचांना होकार मिळालेला असतो. मुलगा तेव्हा बहुतेक चॉकलेटं चुकवत असतो.