अडीच वर्षांचं नाव

"सर, खरं सांगू? मला वाटत होतं, गोळी लागावी."

मागच्या शुक्रवारी वाचनकट्ट्यावर एफवायचा एक मुलगा असं म्हणाला आणि सगळी मुलं हसली. त्या हसण्यात सुटका जास्त होती. बहुतेकांना वाचताना तेच वाटलं होतं, फक्त आधी बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' आम्ही तीन आठवडे वाचत होतो. ज्यांना गोळी लागावी असं त्या मुलाला वाटलं ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. तो फ्रान्सच्याच ताब्यात राहावा म्हणून शस्त्र उचललेल्या ओएएस या गुप्त संघटनेने त्याच वर्षी २२ ऑगस्टला पॅरिसजवळच्या पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. ते वाचले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. इथपर्यंतचा इतिहास खरा आहे. तिथून पुढे फोर्सिथ कल्पनेने चालतो: ओएएस एक भाडोत्री इंग्रज मारेकरी नेमते आणि त्याला टोपणनाव मिळतं जॅकल.

द गॉल १९७०मध्ये आपल्या घरी वारले. कादंबरी आली १९७१मध्ये. म्हणजे गोळी लागणार नाही, हे पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरीही माझ्या वर्गातली वीस-बावीस मुलं श्वास रोखून त्या माणसाच्या यशाची वाट पाहत होती. त्यात त्यांचा दोष नाही. मीही कॉलेजात असताना ही कादंबरी एका रात्रीत संपवली होती आणि शेवटी द गॉल एका जुन्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला वाकतात तेव्हा मलाही चुटपुट लागली होती. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचणाऱ्या पिढीला निदान आपला माणूस कोण, हे पक्कं माहीत असायचं. इथे लेखक कुणाचीच बाजू घ्यायला सांगत नाही. तो फक्त एका माणसाचं काम दाखवत जातो, आणि नीट केलेल्या कामाचं आपल्याला फार आकर्षण असतं. सुतार रंधा मारत असला तरी आपण उभे राहून बघतो. इथे तर बंदूक कुबडीत बसवली जात होती.

मी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?" कुबडी, कुणी म्हणालं. जंगलात खरबुजावर घेतलेला नेम, दुसरा म्हणाला. मग पासपोर्ट. पासपोर्टची युक्ती सगळ्यांनाच आवडली होती. जॅकल खेड्यातल्या दफनभूमीत हिंडतो आणि जो जगला असता तर आज आपल्या वयाचा असता अशा बाळाचा दगड शोधतो. मग त्याचा जन्मदाखला काढून त्या नावाने पासपोर्ट मिळवतो. एकाने तर फळ्यावर बाण काढून सगळं समजावून दिलं.

"त्या बाळाचं नाव काय होतं?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं.

कुणालाच आठवेना. पान काढावं लागलं. अलेक्झांडर डग्गन. वय अडीच वर्षं.

ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली. तिच्या आधी तिला एक भाऊ होता, वर्षाचा व्हायच्या आत गेला. पुढे काकूला मुलगा झाला तेव्हा घरातल्यांनी तेच नाव सुचवलं, पण तिच्या आईने ठेवू दिलं नाही. "आई म्हणाली, ते त्याचं आहे." एवढं सांगून ती खाली बसली. फळ्यावरचे बाण तसेच राहिले.

डग्गन काल्पनिक आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण मग पुढची हकीकतही सांगावी लागली असती, आणि मी ती सांगितली. लंडनच्या पोलिसांनी आंदोलनांवर नजर ठेवण्यासाठी १९६८मध्ये एक गुप्त पथक काढलं होतं. त्यातले पोलीस खोट्या नावाने संघटनांमध्ये शिरत आणि वर्षानुवर्षं तिथे राहत. ही नावं ते मेलेल्या मुलांची घेत. नोंदवह्या चाळून आपल्या वयाशी जुळणारं मूल शोधायचं आणि त्याचा जन्मदाखला मिळवायचा, अशी रीत पडली होती. पथकात या कामाला 'जॅकल रन' म्हणत. ही गोष्ट २०१३मध्ये उजेडात आली. त्याच वर्षी पोलिसांच्या स्वतःच्या चौकशीत अशा ४२ मुलांची नावं वापरल्याचं निष्पन्न झालं. आयुक्तांनी माफी मागितली, पण ती सरसकट. कोणाचं मूल ते आईबापांना तेव्हा कळवलं नाही, कारण त्यातून गुप्त पोलीस उघडे पडले असते.

"पण सर, ते तर पोलीस होते," पहिला मुलगा म्हणाला. तो वाद घालणारा आहे आणि मला तो त्यासाठीच आवडतो. "बहिर्जी नाईकांनी वेषांतरं केली तर आपण अभिमानाने सांगतो. मग यांनी केलं तर चूक कसं?"

मी त्या क्षणी गप्प राहिलो. घरी जाताना मात्र त्याचाच विचार करत होतो, आणि आता माझं उत्तर असं आहे. फकिराचा वेष कुणा एकाचा नसतो. तो घालणारा शत्रूला फसवतो, पण वाटेतल्या तिसऱ्याच्या घरातून काही उचलून नेत नाही. नाव मात्र कुणीतरी ठेवलेलं असतं. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं, आणि मूल गेल्यावर आईकडे उरलेलं तेवढंच. ते न विचारता घेतलं, तर घेणारा राज्यासाठी लढतो की राज्याविरुद्ध, याने त्या आईला काय फरक पडतो? हेराचं काम फसवण्याचं आहे, हे मला मान्य आहे. पण कुणाला फसवायचं याला हद्द असली पाहिजे, आणि जो या लढाईत उतरलाच नाही तो त्या हद्दीच्या बाहेर राहिला पाहिजे.

फोर्सिथलाही हे कळत असावं असं मला वाटतं, कारण त्याने सरकारी बाजूही झाकलेली नाही. या शुक्रवारी आम्ही त्या पानांकडे परत गेलो. ओएएसच्या प्रमुखाचा अंगरक्षक कोवाल्स्की रोममध्ये लपलेला असतो. त्याला एक लहान मुलगी आहे, सिल्वी. मार्सेलमध्ये एका ओळखीच्या जोडप्याकडे ती वाढते. फ्रेंच गुप्तचर त्या घरातल्या माणसाकडून जबरदस्तीने पत्र लिहवून घेतात की पोर आजारी आहे, तिला रक्ताचा कर्करोग आहे. कोवाल्स्की आपली सुरक्षित जागा सोडून धावत येतो आणि पकडला जातो. मग विजेचे झटके. त्यातच तो संपतो, पण मरण्याआधी त्याच्या तोंडून जे तुटक शब्द निघतात त्यांच्यावरून सरकारला जॅकलचा सुगावा लागतो.

मारेकऱ्याने मेलेलं मूल वापरलं, सरकारने जिवंत मूल वापरलं, आणि दोन्ही वेळा आम्ही 'पुढे काय' म्हणून पान उलटलं होतं.

मुलांनी मग एक यादी करायला घेतली: कादंबरीत कुणाकुणाचा वापर झाला. बनावट कागदपत्रं करणारा ब्रसेल्सचा माणूस, जॅकलला घरात आसरा देणारी बॅरोनेस, डग्गन, सिल्वी. कोवाल्स्कीला घ्यायचं की नाही यावर वाद झाला. तो स्वतः माणसं मारणारा होता, असं अर्ध्या वर्गाचं म्हणणं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तो मुलीसाठी आला होता, तेवढ्यापुरता घ्या." कसं घ्यायचं तेवढ्यापुरतं, यावर अजून एकमत झालेलं नाही.

तास संपला, मुलं निघाली. ज्याला गोळी लागावी असं वाटत होतं तो मात्र बसूनच होता, माझी प्रत पुढ्यात घेऊन. मी दिवे मालवायला उठलो तेव्हा त्याने विचारलं, "सर, सिल्वीला नंतर कुणी सांगितलं का हो, बाबा कशामुळे आला होता ते?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुन्हा पानं उलटू लागला.