टिकाऊपणा आणि जबाबदारी

एखादी वस्तू टिकाऊ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या वस्तूचा गुण सांगतो, की तिच्याकडे आता पुन्हा पाहावे लागणार नाही या समाधानाचा उच्चार करतो? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु प्लॅस्टिकच्या एका डब्याने तो आम्हांस अशा रीतीने विचारला की, त्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

प्रथम डब्याची हकीकत सांगितली पाहिजे. 'जिओकॅशिंग' या नावाने ओळखला जाणारा एक खेळ गेली पंचवीस वर्षे जगात चालू आहे. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या उपग्रहांच्या स्थाननिदर्शक संकेतांत मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला, आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्रही जागा काही मीटरांच्या आत दाखवू लागले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने ऑरेगॉन राज्यातील एका रानात एक काळी बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्यास सापडेल त्याने वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतल्यास दुसरी ठेवावी, आणि सर्व काही होते तसे करून निघून जावे, एवढाच हा खेळ. त्यात कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही.

आमच्या काही विद्यार्थ्यांनी असा एक डबा जुईनगरात ठेवावयाचे मनात आणले. आम्ही राहतो त्या सोसायटीच्या बागेच्या भिंतीत एक कोनाडा आहे. समितीची संमती मिळविण्याचे काम आम्ही पत्करले, आणि वयाचा मान म्हणून डबा निवडण्याचेही आमच्याकडेच आले. ही निवड वाटते तितकी सोपी नाही. खाडीकाठच्या या वस्तीत चार महिने पाऊस कोसळतो, उरलेले आठ महिने ऊन तापते आणि हवेतील खार बारमाही असतो. पत्रा गंजतो, काच फुटून सापडणाराचा हात कापते, हलके प्लॅस्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. खाद्यपदार्थांचा जुना डबा कितीही धुतला तरी त्याचा वास माणसास कळत नसला तरी मुंग्यांस व घुशींस कळतो. परदेशांतील जाणते खेळाडू लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या लोखंडी पेट्या सर्वोत्तम मानतात, कारण त्यांच्या झाकणास रबरी पट्टी असते व ते आवळून धरणारी भक्कम खिटी असते. परंतु मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले हे येथे कोणी विसरलेले नाही; बेवारस वस्तूस हात लावू नये ही सूचना येथील प्रवाशाच्या कानांवरून नित्य जात असते. अशा ठिकाणी भिंतीच्या कोनाड्यात लोखंडी पेटी ठेवणे म्हणजे खेळाच्या नावाखाली शेजाऱ्यांची झोप उडविणे होय.

तेव्हा आम्ही पारदर्शक डबा घेतला. चारी बाजूंस खिट्या, झाकणाच्या खोबणीत मऊ पट्टी, आत काय आहे ते बाहेरून दिसावे असे अंग, आणि वर मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिलेली चिठ्ठी. वही एका लहान पिशवीत घालून आत ठेवली. पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून परीक्षा घेतली. थेंबही आत गेला नाही. जो डबा शोधीत येईल त्याच्याशी टिकाऊपणाने वागावे आणि जो शोधीत नाही अशा वाटसरूशी उघडेपणाने वागावे, ही दोन्ही कर्तव्ये एका डब्याने पार पाडली असे आम्हांस वाटले, आणि आम्ही निश्चिंत झालो. आमचा सारा अपराध या शेवटच्या शब्दात आहे.

दोन पावसाळे उलटल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तो डबा सहज उघडला. डब्यास कोठे तडा गेला नव्हता. खिट्या चारही शाबूत होत्या. आत मात्र तीन बोटे पाणी होते, आणि त्यात वहीचा लगदा झालेला होता. कारण शोधावयास वेळ लागला नाही. कोणी तरी डबा बंद करताना आतल्या पिशवीचा कोपरा झाकणाखाली सापडला होता. तेवढी फट पुरली. दिवसा उन्हाने आतली हवा तापून फुगते व त्या फटीतून बाहेर पडते. पावसाची सर आली की डबा एकाएकी थंड होतो, आतल्या हवेचा दाब उतरतो, आणि झाकणावर साचलेले पाणी आत ओढले जाते. असे दोन पावसाळे चालले असले पाहिजे. एखादा फुटका डबा असता तर आलेले पाणी तळातून निघून तरी गेले असते. आमचा डबा उत्कृष्ट असल्यामुळे त्याने आत आलेला प्रत्येक थेंब जपून ठेवला होता!

वहीत शाईने लिहिलेली सर्व पाने निळसर डाग होऊन गेली होती. कोण आले, कोठून आले, त्यांनी काय लिहिले, ते आता कोणासही कळावयाचे नाही. शिसपेन्सिलीची अक्षरे तेवढी पाण्याने जात नाहीत. अशा अक्षरांत एका पानावर आदल्या वर्षीच्या जुलै महिन्याची तारीख होती, आणि तिच्याखाली एवढेच होते: 'डब्यात ओल येत आहे. कृपया लक्ष द्यावे.' ज्याने हे लिहिले त्याची आमची ओळख नाही. त्याने आपले काम केले होते, आणि सव्वा वर्ष आमची वाट पाहत ती ओळ पाण्यात पडून राहिली होती.

यावर कोणी असे म्हणेल की, दोष झाकण नीट न लावणाराचा आहे. डबा निवडणाराने आपल्याकडून कसूर केली नाही. आम्हीही प्रथम स्वतःचे असेच समाधान करून पाहिले. परंतु विचारांती ते टिकत नाही. अनोळखी माणसाच्या हातून चूक होईल हे गृहीत धरूनच तर आपण डबा ठेवतो. आणि चुकीची सूचना देणाराही अनोळखी माणूसच होता. त्याची सूचना ऐकावयास कोणी तरी असणे, हा खेळाचा अलिखित करार होता. तो आम्ही मोडला, आणि तोही डबा उत्तम आहे या भरवशावर मोडला. पदार्थाचा टिकाऊपणा आम्ही आमच्या कर्तव्याच्या जागी नेऊन बसविला होता.

आमच्या आजीच्या पिढीस ही गोष्ट न शिकता ठाऊक होती. लोणच्याची चिनी मातीची बरणी शंभर वर्षे टिकणारी असते. पण लोणचे टिकते ते बरणीमुळे नव्हे. तोंडावर घट्ट बांधलेला दादरा, कोरडा हात, कोरडा चमचा आणि आषाढात मधूनच बरणी उघडून पाहणारी दृष्टी, यांमुळे ते टिकते. घरातील प्रत्येकाने ओला चमचा न घालण्याचा नियम पाळला, तरच वर्षाच्या बेगमीला अर्थ.

मोठ्या इतिहासातही याची साक्ष आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारे येथील स्तूप उकरला. आत दगडी पेटी मिळाली, तीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे काही तुकडे, भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. पात्रांच्या निवडीचा याहून उदात्त नमुना आम्हांस माहीत नाही. परंतु आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. त्याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे नाणे निघाले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे. आणि करंडकाभोवती मांडलेल्या आठ बुद्धमूर्ती मात्र, त्यांच्या घडणीवरून, आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. अर्थात् मध्यंतरी कित्येक शतके गेल्यावर कोणी तरी तो ठेवा उघडला असावा, आपल्याकडून आठ मूर्ती ठेवल्या असाव्यात, आणि सर्व पुन्हा जसेच्या तसे मिटले असावे. त्या अनामिक हाताला सोने दिसले आणि त्याने ते तेथेच राहू दिले. सोपाऱ्याचा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे, त्याचे श्रेय तांब्या-स्फटिकाइतकेच त्या हाताकडे जाते.

उलट उदाहरण आपल्या काळातले आहे. १९७३ साली दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या आवारात, स्वतंत्र भारताचा वृत्तांत घातलेले एक 'कालपात्र' हजारो वर्षांच्या हिशोबाने जमिनीत खोल पुरण्यात आले. आतील इतिहास एकांगी असल्याचा आक्षेप होता. सत्तांतर होताच १९७७ साली ते उकरून काढण्यात आले. ओल, गंज, भूकंप यांचा विचार त्या पात्राच्या कर्त्यांनी केला असेल. वरून चालणाऱ्या माणसांच्या विश्वासाचा केला नाही. ज्या पात्रावर लोकांचा विश्वास नाही ते चार वर्षेच टिकते, मग त्याची धातू काही असो.

तेव्हा टिकाऊ डबा निवडू नये काय? अवश्य निवडावा. निकृष्ट डबा ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात केर टाकणेच होय. परंतु उत्तम डबाही कोणी विचारपूस करीनासे झाले की केरच होतो, आणि तो अधिक टिकाऊ असल्यामुळे अधिक काळ केर राहतो. म्हणून डबा किती वर्षे टिकेल या प्रश्नाआधी आपण किती वर्षे येत राहू हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे देता येत नसेल तर डबा ठेवू नये. डबा आपल्याला फक्त दोन भेटींमधली मुदत वाढवून देतो. भेटी माफ करीत नाही.

आम्ही तो डबा बदलला नाही. त्यात दोष नव्हता. धुऊन, वाळवून, नव्या वहीसह तो पुन्हा कोनाड्यात ठेवला आहे. आतली पिशवी काढून टाकली, पेन ऐवजी पेन्सिल ठेवली, आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उघडून पाहण्याचे काम आमच्याकडे घेतले. जुन्या वहीतील ती एक ओळ असलेले पान वाळवून नव्या वहीच्या आरंभी लावले आहे. त्याखाली आम्ही उत्तर म्हणून आमची तारीख लिहिली. ते सव्वा वर्ष उशिरा आले, हे त्या दोन तारखांवरून कोणासही दिसेल.