पुणे ते वाशीम, एक दार

हॉस्टेलवर 'पोर्टल' नावाचा गेम खेळायचो. 2007 मधला. एका भिंतीवर निळं दार, दुसरीवर नारिंगी. एकातून शिरा, दुसऱ्यातून बाहेर. पुण्यात नोकरी लागल्यापासून मला एकच दार हवंय: फ्लॅटच्या भिंतीतून थेट वाशीमच्या आमच्या अंगणात.

आइनस्टाइन आणि रोझेन यांनी 1935 मध्ये असा पूल समीकरणांत मांडला. 1962 मध्ये व्हीलर आणि फुलर यांनी दाखवलं की प्रकाश पलीकडे पोचण्याआधीच तो मिटतो. पण समजा, दार उघडं राहिलं. उंचीची अडचण नाही. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. अडचण वेगाची आहे. पृथ्वीबरोबर दोन्ही गावं ताशी जवळपास 1,600 किलोमीटरने पूर्वेकडे फिरतात. पण पृथ्वी गोल, त्यामुळे पुण्याची पूर्व आणि वाशीमची पूर्व यांत सव्वातीन अंशांचा फरक. म्हणजे पुण्याचा वेग घेऊन अंगणात पाय ठेवला, तर मी ताशी सुमारे 90 किलोमीटरने वर फेकला जाईन. गेममध्ये हा धक्का दार सोसतं. खऱ्या जगात रात्रभराची ट्रॅव्हल्स तो वेग थोडाथोडा वळवत नेते, म्हणून आपल्याला कळतही नाही.

एक दार मात्र आपल्या खिशात आहेच. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर 'हजर' होतो. समोर लॅपटॉप, त्यावर अडकलेला कोड. आई काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "हो हो, छान."

ती म्हणाली होती, "डोळ्यात थेंब टाकताना माहा हात थरथरते रे."

अंतर शून्य होतं, तरी मी पोचलो नव्हतो. ऑफिसचा वेग अंगात तसाच होता आणि त्याचा धक्का आईने सोसला.

शुक्रवारी रात्री गाडीत बसलो. घरी पोचल्यावरही सकाळभर हात फोनकडेच जात होता. दुपारी कुठे बाबांच्या खाटेशी बसलो, थेंब टाकले. बाबा म्हणाले, "सावकाश."

रविवारी रात्री परत निघालो. सोमवारपासून थेंब शेजारच्या काकूंनी टाकले. म्हणजे बसने जाऊन मी काही फार मोठं केलं नाही. पण आता घरी फोन लावताना लॅपटॉप बंद करतो आणि आधी विचारतो, "आई, आता सांग."