शेंडा मोडलेले झाड

आमच्या शाळेच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची पद्धत आहे. कोरोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आम्ही त्यावर लिहिले, 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.' वर उर्दूत लिहिले, खाली मराठीत. हजेरी संपल्यावर आठवीतला एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, अब्बांची वाडी पडली, ती कितवी पायरी?"

मुलगा चेष्टा करीत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातून गेला. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस गावे अंधारात राहिली. पण सर्वात मोठा घाव बसला तो वाड्यांवर. श्रीवर्धनची रोठा सुपारी दूरवर नावाजलेली. आजोबाने लावावी, बापाने शिंपावी आणि नातवाने तिच्यावर शिकावे, अशी इथली रीत. ती सारी साखळी एका दुपारी तुटली.

आमच्यासारखे मास्तर अशा वेळी लगेच म्हणतात, 'पडलात तरी पुन्हा उभे राहा.' पण सुपारीचे झाड पुन्हा उभे राहत नाही. आंबा मोडला तर बुंध्यातून धुमारे फुटतात. सुपारी आणि माड यांचे तसे नाही. त्यांची वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो कोंब मोडला की संपले. खोड काही दिवस हिरवे दिसते, पण त्याला ना फांदी फुटते ना पान. म्हणजे काही नुकसान असे असते की ज्यातून काहीच उगवत नाही. ते नुकसानच असते. त्याला पायरी म्हणणे ही ज्याचे गेले त्याची थट्टा आहे.

हे कबूल करायला आम्हांला वेळ लागला, कारण आम्ही स्वतःच त्या सुविचारावर जगलो होतो. आम्ही बी.एड. झालो आणि थोड्याच दिवसांत, 2012च्या मे महिन्यात, शिक्षकभरती बंद झाली. आज उघडेल, उद्या उघडेल, म्हणत वर्षे गेली. सकाळी शिकवण्या, दुपारी तासिका तत्त्वावर कुठेतरी चार तास, संध्याकाळी मामूंच्या दुकानात हिशेब. बरोबरीचे मित्र आखातात गेले, त्यांच्या घरांवर मजले चढले. अभियोग्यता चाचणी झाली ती 2017च्या डिसेंबरात आणि निवडीच्या याद्या आल्या त्या 2019 मध्ये. त्यात आमचे नाव होते, म्हणून आज आम्ही मुलांना सांगतो, 'पाहा, धीर धरला म्हणून मिळाले.' पण आमच्या वर्गातला आमच्याहून हुशार एक मित्र वयाच्या अटीत बाद झाला. त्याने धीर कमी धरला होता काय? मुळीच नाही. यशस्वी माणूस आपली गोष्ट सांगतो, तेव्हा त्यात आपली मेहनत आठवते, नशीब आठवत नाही आणि ज्यांनी सावली दिली ते तर मुळीच आठवत नाहीत. मामूंचे दुकान नसते तर आम्हीही केव्हाच पुस्तके बांधून ठेवली असती.

मग हिंमत, उम्मीद, सब्र हे सारे शब्द पोकळच म्हणायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातलीच एक गोष्ट आठवावी. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांसह घेतले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि तो स्थगित करावा लागला. मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागला तो मार्च 1937 मध्ये. दहा वर्षे! या दहा वर्षांत ते हात जोडून बसले नाहीत. दावा लढले, लोक संघटित केले, दुसऱ्या वाटा काढल्या. आम्हांला यात सब्राचा अर्थ दिसतो. सब्र म्हणजे सोसत बसणे नव्हे. फळ दिसत नसतानाही आजचे काम न सोडणे म्हणजे सब्र.

आणि याच गोष्टीत एक छोटे नाव आहे, ते आपण विसरू नये. डिसेंबरातल्या त्या परिषदेच्या मांडवासाठी महाडात कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. लढणारे लढलेच असते, पण उभे राहायला कुणीतरी जमीन द्यावी लागते.

त्या मुलाच्या अब्बांची वाडी आम्ही पुढे जाऊन पाहिली. मोडलेली खोडे तोडून त्यांनी जागा साफ केली होती आणि सुपारीची नवी रोपे लावली होती. रोपांच्या मध्ये केळी होत्या. आम्ही विचारले, तर म्हणाले, "मास्तर, सुपारीच्या पोराला ऊन सोसत नाही. पूर्वी मोठ्या झाडांची सावली होती. आता ती गेली, म्हणून केळ लावली. पोर मोठं झालं की केळ काढायची." सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने हे सारे हिशेब करूनच खड्डे खणले होते. आम्हांला ती हदीस आठवली, जिचा आशय असा की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर ते लावून टाका. फळ कोण खाईल हा प्रश्न तिथे नाहीच.

त्या केळीने आम्हांला शिकवले ते कुठल्याच बी.एड.च्या पुस्तकात नव्हते. आपण पडलेल्या मुलाला 'उभा राहा' म्हणतो आणि उभा राहिला नाही की दोष त्याच्यावर टाकतो. त्याच्यावर सावली कुणाची आहे, हे पाहत नाही. दहावीत नापास होणाऱ्यांसाठी 2015 पासून जुलैत फेरपरीक्षा होऊ लागली. वर्ष वाया जाऊ नये म्हणून समाजाने लावलेली ती एक केळच आहे. तो मुलगा दहावीला गणितात नापास झाला. जुलैतही चार गुण कमी पडले. रोज संध्याकाळी मगरीबनंतर तो आमच्याकडे बसू लागला. त्या दिवसांत आम्ही त्याला एकही सुविचार ऐकवला नाही. फक्त गणिते सोडवली. पुढच्या वर्षी तो पास झाला. पन्नासच्या आतच गुण मिळाले, पण पास झाला. झाला नसता, तरी त्या संध्याकाळी वाया गेल्या असे आम्ही म्हटले नसते.

शाळेच्या दारातला फळा अजून तिथेच आहे. ते वाक्य मात्र आम्ही पुन्हा लिहिले नाही. परवा नवे लिहिले, 'जे मोडले त्याचे दुःख करा, मग रोप लावा, आणि शेजारच्याच्या रोपाला सावली द्या.' मुले म्हणाली, "सर, फार लांब आहे, वहीत उतरवता येत नाही."

आम्ही म्हटले, "उतरवू नका. दुपारी वाडीत चला."