जुळी भावंडं, जंतुमुक्त उंदीर आणि एमएस

चि. मुक्ता,


तुझ्या रूममेटच्या ताईला एमएस असल्याचं निदान झालं आणि लगेच कुणीतरी तिच्या गळ्यात ‘चांगल्या जिवाणूं’च्या कॅप्सूल मारल्या, हे कळलं. आजार मेंदूचा आणि औषध पोटाचं कसं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण ‘थोतांडच ना, आत्या?’ असं तू पुढे लिहिलंस, त्याला मी सरळ हो म्हणणार नाही. त्या विक्रेत्याने ज्या संशोधनाचं नाव घेतलं ते खरं आहे. त्याने त्यातून जे काढलं ते मात्र त्या संशोधनात कुठेही नाही. तू मायक्रोबायोलॉजी घेतली आहेस, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यात आपल्याच पांढऱ्या पेशी मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंभोवतीच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करतात. आवरण झिजलं की संदेश रेंगाळतात किंवा पोचतच नाहीत. कुणाची नजर धूसर होते, कुणाच्या पायातलं बळ जातं, कुणाला नुसता न संपणारा थकवा. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोने १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. हल्ला का सुरू होतो, याचं उत्तर मात्र अजून तुकड्यातुकड्यांनीच हाती येतं आहे.

पोटाकडे पहिल्यांदा बोट दाखवलं ते उंदरांनी. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेला एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच जातीचे उंदीर, पण दोन वेगळ्या पुरवठादारांकडून आलेले. एकाच्या उंदरांच्या आतड्यात दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी भरपूर, दुसऱ्याच्या उंदरांत जवळपास नाहीतच. फरक निघाला एका धाग्यासारख्या जिवाणूचा. म्हणजे आतड्याच्या भिंतीशी चिकटून राहणारा एक जीव शरीराच्या सैन्यात कोणत्या तुकड्या वाढतील हे ठरवत होता. आणि याच तुकड्यांवर एमएसमध्ये संशय होता.

दोन वर्षांनी म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला, माक्स प्लांक संस्थेत, हार्टमुट वेकर्ले यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्याकडे जनुकं बदललेले असे उंदीर होते की त्यातल्या बहुतेकांना मोठेपणी आपोआप एमएससारखा आजार व्हायचा. हेच उंदीर त्यांनी पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले. बंद प्लास्टिकचं घर, निर्जंतुक हवा, निर्जंतुक दाणा. ते ठणठणीत राहिले. मग त्यांच्या पोटात साधे, रोजचे जिवाणू सोडले, आणि ते आजारी पडले. कुठला भयंकर रोगजंतू लागला नाही, हे माझ्या मते त्या प्रयोगातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सार्किस मझमानियन यांच्या गटालाही वेगळ्या उंदरांत याच दिशेचं उत्तर मिळालं.

तू म्हणशील, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बरोबर. माणसाचं तर आणखी कठीण, कारण प्रत्येकाची जनुकं वेगळी, जेवण वेगळं, बालपण वेगळं. म्हणून वेकर्ले यांच्या गटाने एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडं शोधली, पण अशी की एकाला एमएस आहे आणि दुसऱ्याला नाही. अशा ३४ जोड्यांवरचं काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. जनुकं तीच, लहानपणचं घरही बहुधा तेच. एकूण पाहता दोघांच्या आतड्यातल्या जिवाणूंत फार फरक नव्हता. मग त्यांनी आजारी आणि निरोगी भावंडांची विष्ठा जंतुमुक्त उंदरांना दिली. आजारी भावंडाकडची मिळालेल्या उंदरांत आजार जास्त प्रमाणात उतरला. सगळ्यांत नाही, हे विसरू नकोस. पण ‘सोबत दिसतं’ आणि ‘घडवून आणतं’ यांच्यातली दरी ओलांडायला निघालेला हा प्रयोग होता, आणि वर्गात तुला शिकवतात त्या कंट्रोल ग्रुपचं याहून देखणं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता गुंत्याकडे ये. एमएसच्या रुग्णांत ज्यांचं प्रमाण वाढलेलं वारंवार सापडतं अशा जिवाणूंत ‘अ‍ॅकरमान्सिया’ आहे. आतड्यातल्या चिकट आवरणावर जगणारा हा जिवाणू २००४ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला ओळखला गेला, आणि मधुमेह-लठ्ठपणाच्या संशोधनात त्याचं इतकं कौतुक झालं की आता तो बाटलीत विकला जातो. मग तो इथे खलनायक की काय? बोस्टनच्या एका गटाने २०२१ साली दाखवलं की एमएस असलेल्यांत अ‍ॅकरमान्सिया जितका जास्त तितकं अपंगत्व कमी. एखाद्या वाड्याला आग लागली की तिथे गर्दी दिसतेच. तिच्यात आग लावणारा असू शकतो, पण बादल्या घेऊन धावलेलेही असतात, आणि नुसतं डोकी मोजून ते वेगळे कळत नाहीत. ‘चांगले जिवाणू’ आणि ‘वाईट जिवाणू’ हे शब्द ऐकले की मला चीड येते ती म्हणून.

डोकी मोजणंसुद्धा सोपं नाही. २०२२ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने अमेरिका, ब्रिटन, स्पेन आणि अर्जेंटिना इथले ५७६ रुग्ण घेतले आणि तुलनेसाठी प्रत्येकाच्या घरातलीच, एकाच छपराखाली राहणारी, निरोगी व्यक्ती घेतली. स्वयंपाकघर एक असल्याने जेवणाचा फरक बराचसा बाजूला पडला. तरी एक पेच उरलाच: एमएसची औषधंही आतड्यातले जिवाणू बदलतात. २०२५ साली मार्टिन्सरीडचा गट पुन्हा जुळ्यांकडे वळला, या वेळी ८१ जोड्या, आणि काहींच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून थेट नमुने घेतले, कारण पांढऱ्या पेशींची खरी वर्दळ तिथे असते. उंदरांवरच्या चाचणीनंतर संशय लॅक्नोस्पिरासी कुळातल्या दोन जिवाणूंवर आला. अ‍ॅकरमान्सियाचं नाव त्यात नाही!

शिवाय पोट हा एकच धागा आहे, असंही नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींतून दिसलं की एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी एकाला सोडून सगळ्यांना एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग होऊन गेला होता. तो जगातल्या बहुतेक प्रौढांना होतो आणि एमएस फार थोड्यांना, म्हणजे पुढे काहीतरी आणखी लागतं. आपल्याकडचंच बघ. मुंबईतल्या पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, असं डॉ. नोशिर वाडियांसारख्या मुंबईच्याच न्यूरॉलॉजिस्टांनी दाखवून दिलं. हवा तीच, पाणी तेच. इथे जनुकं बोलत असणार.

भारतीय डाळ-भाकरीमुळे आपण एमएसपासून वाचतो, असाही एक संदेश तू पाठवला होतास. कोंडा आणि कडधान्यं खाणाऱ्यांच्या पोटात प्रिव्होटेला हा जिवाणू भरपूर असतो, काही अभ्यासांत एमएसच्या रुग्णांत तो कमी दिसला, आणि आयोवात आशुतोष मंगळम यांच्या गटाला त्याच्या एका जातीने उंदरांचा आजार सौम्य होताना दिसला. इथवर ठीक. पण भारतात एमएस कमी दिसायचा त्याचं एक साधं कारण एमआरआय यंत्रं कमी होती हेही आहे. भाकरी जरूर खा, ती चांगलीच आहे.

उपचाराच्या सगळ्यात जवळ गेलेलं काम जर्मनीतल्या बोखुमचं, २०२० सालचं. तंतुमय अन्नापासून जिवाणू जी आम्लं बनवतात त्यातलं एक, प्रोपिओनिक आम्ल, रुग्णांना रोज दिलं तेव्हा दाह आवरणाऱ्या पेशी वाढल्या. पण ते चालू औषधांच्या जोडीला दिलं होतं. औषध बंद करून नव्हे. हे वाक्य तुझ्या रूममेटला जसंच्या तसं वाचून दाखव.

आणि ताईला म्हणावं, कॅप्सूलची बाटली घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एमएसची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, अशा शरीरात जिवंत जिवाणू सोडायचे की नाहीत हे त्यांनी ठरवायचं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई-पुण्यात शाखा आहेत. तिथे हाच आजार घेऊन नोकरी-संसार करणारी माणसं भेटतील, त्यांच्याशी बोलू दे तिला.

वार्षिक परीक्षा झाली की कळव. जुळ्यांवरचे दोन्ही शोधनिबंध काढून ठेवते, पद्धतीचा भाग आपण एकत्र वाचू.

तुझी,
आत्या