'आम्ही' आणि 'आपण' : संमतीचे व्याकरण

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' श्रोत्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. एखादी गोष्ट कोणाची, या प्रश्नाचा निवाडाही त्यात दडलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी माणसांचे बोलणे, लिहिणे, गाणे गोळा केले जाते, तेव्हा कोणाचे तरी 'आमचे' हे नकळत 'आपले' होते. हे रूपांतर कोणाच्या संमतीने घडते, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

या प्रक्रियेतील संदिग्धता अपघाती नाही. मार्च २०२३ मधील जीपीटी-४ विषयीच्या अहवालात ओपनएआयने प्रशिक्षणसामग्रीचा तपशील देण्याचे टाळले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. भामरागडच्या एखाद्या माडिया तरुणाने रेला गीत गाऊन समाजमाध्यमावर ठेवले, तर त्याच्या आवाजाला या कायद्याचा आधार उरत नाही. आणि ज्या गावाचे ते गीत, ते गाव तर कायद्याच्या दृष्टीला दिसतच नाही. या कायद्याला केवळ 'मी' कळतो.

संकलनातील हा पेच अर्थात जुना आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. ग्रंथ हिस्लॉप यांच्या नावाचा झाला, गाणाऱ्याच्या नव्हे. तरीही त्या संहितेशी वाद घालता येतो. ती कोठून आली हे विचारता येते. यंत्रात विरघळलेल्या गीताबाबत हा प्रश्न विचारण्याची जागाच शिल्लक राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. बांबू तोडला की वन कमी होते. गीत यंत्राने ऐकले म्हणून गावाचे काय कमी झाले? शिवाय २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख भाषकांची नोंद असलेली गोंडी यंत्राबाहेर राहणे, हाही अन्यायच नव्हे काय? दुसरा मुद्दा मान्य करावाच लागतो. २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'आदि वाणी' या अनुवाद-प्रणालीत गोंडीचा समावेश केला, तो याच गरजेपोटी. परंतु पहिल्या मुद्द्यात अन्यायाची कल्पनाच अपुरी आहे. वस्तू कमी न होताही माणसाचे स्थान बदलू शकते : गाणारा हा गाणारा न राहता कच्चा माल होतो. अन्याय येथे आहे.

याच वनप्रदेशाने 'आम्ही'ला कायद्यात स्थान मिळालेले पाहिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(ट) जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क मान्य करते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये हा हक्क मिळाल्यानंतर, हमखास पैसा देणारा तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले. कारण त्या तोडणीने झाडांची हानी होते. हक्काचा अर्थ केवळ मोबदला नव्हे, नकाराचे सामर्थ्यही होय, हे या निर्णयातून स्पष्ट होते.

समूहाची संमतीही निर्दोष नसते. ग्रामसभेत एखाद्या स्त्रीचा आवाज दबू शकतो. म्हणून 'आम्ही'ने 'मी'ला गिळणे हा पर्याय नव्हे. दोघांनाही विचारणे, काय घेतले ते सांगणे आणि नकार ऐकून घेणे, एवढे तरी अटळ आहे. 'आपण' म्हणण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसतो. तो देणाऱ्याने, ज्याला 'आम्ही' म्हणता येते त्याने, द्यावयाचा असतो.