हापशाचं दुसरं गिऱ्हाईक

बिडाचा जुना हापसा वाईट नव्हता. तो ज्याच्यासाठी घडला, तो माणूस वेगळा होता. युरोप-अमेरिकेतल्या शेतावरचं एक कुटुंब, दिवसाकाठी चार-सहा बादल्या पाणी. त्याच घडणीचा हापसा आपल्याकडे गावाच्या मधोमध आला आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कळशांची रांग लागली. दांड्याला पोरं लोंबकळणार, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं असतं? बीड तडकलं, खिळी झिजल्या. सत्तरच्या दशकात पाहावं तिथे हापसे बंद पडलेले होते.

सुधारणा सुचली ती मोडके हापसे दुरुस्त करणाऱ्यांना. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातल्या मंडळींनी बीड सोडून पोलाद घेतलं. अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच टेकू दिला आणि सायकलसारखी साखळी लावली. त्यामुळे आतली सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर येते. सोलापूरच्या या पंपावरूनच युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ आकाराला आला. नमुने गावच्या बोअरवर बसवून, रोजच्या वापरात तपासले गेले. पेटंटचं कुंपण घातलं नाही. मापं ठरवून दिली आणि कुठल्याही कारखान्याला तो बनवायची मुभा राहिली. आरेखनातली ही मला सगळ्यात देखणी गोष्ट वाटते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

तरी एक गिऱ्हाईक विसरलं गेलंच: पाना घेऊन येणारा. पाणी उपसणारा सिलिंडर 45 मीटर खाली असेल तर 3 मीटरचे 15 पाइप एकेक करून वर काढायचे, तेही आतल्या एका वायसरपायी. त्याला पाइप उचलायचा तिपायी घोडा लागतो, चार माणसं लागतात, तालुक्याची गाडी लागते. तोवर बायका पुन्हा जुन्या विहिरीच्या वाटेला. हापसा क्वचित बिघडतो खरा, पण बिघडला की गाव हात चोळत बसतं. क्वचित बिघडणं आणि चटकन दुरुस्त होणं हे दोन निराळे गुण आहेत, आणि पहिल्याचं कौतुक करताना दुसऱ्याकडे सहज कानाडोळा होतो.

यावर उपाय म्हणून पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला. आता पाइप जागच्या जागी ठेवून नुसती सळई ओढली की वायसरसकट दट्ट्या वर येतो. पण रुंद पाइप जड, आणि महागही. म्हणून बहुतेक गावांत आजही उभा आहे तो मार्क टूच.